उष्णता वेगळी, उजेड वेगळा : रक्तवाहिन्यांवरील प्रकाशपरिणामाचा इतिहास

मराठीत 'ऊन' हा शब्द दुहेरी अर्थाचा आहे. अंगणात पडते ते ऊन, आणि पानात वाढतात तो भातही ऊन-ऊन. संस्कृतातील 'उष्ण' या शब्दापासून प्राकृतात 'उण्ह' झाले आणि त्यावरून आपले 'ऊन' आले. मूळ अर्थ तापाचा. उजेडाचा अर्थ त्याला मागाहून येऊन चिकटला. पांढुर्णा आणि सौंसर भागातील आपल्या जुन्या घराण्यांत घरी मराठी आणि बाजारात, कचेरीत हिंदी असा दुभाषी व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पण हिंदीतील 'धूप'ही ऊब आणि उजेड यांत भेद करीत नाही. भाषेचा यात दोष नाही. सूर्य या दोन्ही गोष्टी एकाच किरणांतून देतो आणि माणसाच्या अंगाला त्या एकदमच जाणवतात. मात्र उन्हाने शरीरात नेमके काय घडते हे कळण्यासाठी शास्त्राला ही जोडी फोडावी लागली. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवर प्रकाशाचा जो परिणाम होतो त्याच्या शोधाचा इतिहास हा बव्हंशी उष्णता आणि उजेड यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचाच इतिहास आहे.

या फोडीचा आरंभ वैद्यकाबाहेर झाला. १८०० साली विल्यम हर्षेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि त्याच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा अधिक चढला. पुढच्याच वर्षी योहान रिटर यांनी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या पलीकडे, चांदीचा क्षार काळवंडतो असे दाखविले. एका टोकाला न दिसणारी ऊब आणि दुसऱ्या टोकाला न दिसणारी रासायनिक शक्ती, असे उन्हाचे दोन काठ प्रथम ओळखता आले. या ज्ञानाचा वैद्यकात पहिला मोठा उपयोग डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी केला. त्वचेच्या क्षयावर ते प्रकाशाचा उपचार करीत. पण किरण रोग्याच्या अंगावर पडण्यापूर्वी ते स्फटिकाच्या भिंगांतून आणि पाण्यातून नेऊन त्यांतील उष्णता गाळून घेत. १९०३ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बरे करणारी गोष्ट ऊब नसून उजेड आहे, हे विधान त्या काळी धाडसाचेच होते.

रक्तवाहिन्यांचा प्रश्न याहून अवघड होता. धमनीच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. ते आपल्या इच्छेने हलत नाहीत, म्हणून त्यांना अनैच्छिक स्नायू म्हणतात. हे वेढे आवळले की वाहिनीचा मार्ग अरुंद होतो आणि रक्ताचा दाब वाढतो. सैल पडले की मार्ग रुंदावतो आणि दाब उतरतो. संत्र्याच्या बागेत पाणी देताना नळीचे तोंड बोटाने दाबले की आतला जोर वाढतो, हे आपल्याकडे पोरसवदा मुलालाही ठाऊक असते. आता उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात ही गोष्ट जुनीच होती. वैशाखात उन्हातून आलेला माणूस तांबडा-लाल दिसतो, बसलेला एकदम उठला तर त्याला भोवळ येते, त्याचे एक कारण हेच. साहजिकच उन्हाचा जो काही परिणाम वाहिन्यांवर होत असेल तो उष्णतेच्या खात्यावर जमा होत राहिला. उजेडाचे स्वतंत्र खाते उघडण्याचे कोणाला कारणच नव्हते.

ते कारण अमेरिकेतील सेंट लुईस येथे मिळाले. रॉबर्ट फर्चगॉट हे तेथील वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राचे संशोधक होते. सशाच्या महाधमनीची चक्राकार कापलेली पट्टी क्षारयुक्त पाण्यात टांगायची, तिचे एक टोक नोंद करणाऱ्या तरफेला जोडायचे आणि निरनिराळ्या औषधांनी ती किती आखडते वा सैल पडते हे मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. १९५३ साली त्यांनी या पद्धतीवरील निबंध प्रसिद्ध केला. याच कामाच्या ओघात त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या ध्यानात अनपेक्षितपणे एक गोष्ट आली. आखडलेल्या पट्टीवर प्रकाश पडला की ती सैल पडते आणि प्रकाश काढून घेतला की पुन्हा आखडते. १९५५ साली त्यांनी हे निरीक्षण थोडक्यात जाहीर केले आणि १९६१ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पट्टी ज्या पाण्यात असे त्याचे तापमान शरीराइतके स्थिर राखलेले होते. शिवाय परिणाम घडविण्यात पुढे होता तो लघुलहरींचा, म्हणजे अतिनील आणि निळ्या बाजूचा प्रकाश; ऊब देणारी तांबडी बाजू मागे पडली. डोळा नाही, मज्जातंतूंचा मेंदूशी संबंध नाही, शरीरसुद्धा नाही, केवळ धमनीचा एक तुकडा, आणि तो उजेडाला उत्तर देतो, ही घटना चकित करणारी होती.

तिचा अर्थ मात्र लागेना. एक धागा हाती होता. पाण्यात सोडियम नायट्राइट घातले तर प्रकाशाचा परिणाम कितीतरी अधिक होई. हे का, याचे उत्तर मिळायला जवळजवळ तीस वर्षे जावी लागली, आणि ते एका निराळ्याच वाटेने आले. ती वाट आपल्या भागाला अगदीच परकी नाही. सौंसरचे नाव भूशास्त्रज्ञांनी मँगनीज असणाऱ्या एका प्राचीन खडकसमूहाला दिले आहे, आणि उत्तरेस पेंच-कन्हानच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत. खाणींच्या जगाला सुरुंगाच्या दारूतील नायट्रोग्लिसरीन हा पदार्थ परिचयाचा. त्याचे डायनामाइट बनविणारे आल्फ्रेड नोबेल. आणि १८७९ साली छातीच्या कळेवर तोच पदार्थ अत्यल्प प्रमाणात औषध म्हणून देता येतो असे दाखविणारे लंडनचे विल्यम मुरेल. स्वतः नोबेल यांनाही अखेरच्या वर्षांत हृदयविकारावर हेच औषध सुचविण्यात आले होते. आज घराघरांतील वडीलधारी माणसे जिभेखाली जी गोळी ठेवतात ती याच कुळातली. तिने आराम पडतो हे शंभर वर्षे ठाऊक होते. का पडतो हे ठाऊक नव्हते.

१९७७ साली फेरिद मुराद यांनी दाखविले की अशा औषधांपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तोच स्नायूंच्या पेशींत एक रासायनिक साखळी सुरू करून त्यांना सैल पाडतो. इकडे फर्चगॉट १९५६ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात होते. तेथे त्यांना आढळले की धमनीच्या आतील अतिशय पातळ अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीन या द्रव्याने ती सैल पडते. अस्तर खरवडले गेले असेल तर उलट आखडते. अस्तरातून काहीतरी निघते आणि ते शेजारच्या स्नायूला निरोप देते, असा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. हा निरोप्या कोण, याचा जगभर शोध सुरू झाला. १९८६ साली फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे सुचविले की तो नायट्रिक ऑक्साइडच असावा. १९८७ साली इग्नारो यांच्या आणि लंडनमधील साल्व्हादोर मोंकादा यांच्या प्रयोगशाळांतून त्यास पुष्टी मिळाली. मोटारीच्या धुरात सापडणारा, काही क्षणांत नाहीसा होणारा एक साधा वायू शरीर स्वतः तयार करते आणि त्याने रक्ताचा मार्ग मोकळा ठेवते, ही कल्पना पचनी पडायला वेळ लागला. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या कीर्तीच्या कथेत प्रकाशाचा जुना प्रयोग बहुधा सांगितला जात नाही. फर्चगॉट मात्र त्याला विसरले नव्हते. १९८० च्या दशकात ते पुन्हा त्याकडे वळले. प्रकाशाने येणारी शिथिलता अस्तर काढून टाकले तरी येते, पण पेशीच्या आत साखळी तीच सुरू होते, असे त्यांना आढळले. नायट्राइटचे कोडेही सुटले. नायट्राइटवर प्रकाश पडला की त्यातून नायट्रिक ऑक्साइड मोकळा होतो. शरीरात हा वायू साठवून ठेवता येत नाही, परंतु तो ज्यांत बांधलेला आहे अशी संयुगे साठून राहू शकतात, आणि प्रकाश त्यांची गाठ सोडतो. अतिदक्षता विभागात सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तदाब उतरविणारे औषध शिरेतून देताना बाटली काळ्या कागदात वा चांदीसारख्या वर्खात गुंडाळलेली असते. बाटलीतील औषध उजेडाने वाटेतच विघटित होऊ नये, म्हणून ही दक्षता. उजेड आणि हा वायू यांचे नाते त्या गुंडाळलेल्या बाटलीइतके सहज क्वचितच दृष्टीस पडते.

परंतु हीच एक वाट आहे असे नव्हे. ज्या १९९८ साली ते पारितोषिक दिले गेले त्याच साली इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींत मेलॅनोप्सिन हे प्रकाश ओळखणारे प्रथिन शोधून काढले. पुढे ते माणसाच्या डोळ्यातही सापडले. तेथे ते दृश्य दाखविण्याचे काम करीत नाही. दिवस आणि रात्र यांची वर्दी शरीराला देते. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गौतम सिक्का, डॅन बर्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखविले की उंदरांच्या रक्तवाहिन्यांतही मेलॅनोप्सिन असते आणि निळ्या प्रकाशाने त्या सैल पडतात. ज्या उंदरांत हे प्रथिनच नाही त्यांच्या वाहिन्यांत तो गुण राहत नाही. म्हणजे फर्चगॉट यांच्या निरीक्षणामागे साठलेल्या वायूची गाठ सुटणे आहे, तसेच उजेड ओळखणारे एक वेगळे द्वारही आहे. प्रत्येक जातीच्या प्राण्यात आणि प्रत्येक वाहिनीत यांपैकी कोणाचा वाटा किती, हा अभ्यास अद्याप चालू आहे.

येथे कोणीही विचारील की महाधमनी तर छातीच्या आत, गर्द अंधारात. तिला उजेडाशी कर्तव्य काय? शंका रास्त आहे. निळा आणि अतिनील प्रकाश त्वचेत फार खोल जात नाही. परंतु त्वचेतच सूक्ष्म वाहिन्यांचे दाट जाळे आहे आणि तिथे नायट्रेट-नायट्राइटचा साठाही आहे. एडिंबरा येथील त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली चोवीस निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. एका बैठकीत दिव्यांचे अतिनील किरण आणि त्यांची ऊब दोन्ही अंगावर घेतली. दुसऱ्या बैठकीत किरण अडवून केवळ ऊब येऊ दिली. किरण लागले तेव्हा वाहिन्या रुंदावून रक्तदाब थोडा उतरला. केवळ ऊबेने तसे झाले नाही. फिन्सेन यांनी उष्णता गाळून उजेड ठेवला होता. येथे उजेड गाळून उष्णता ठेवली. प्रयोग उलटा, हेतू एकच. २०१८ साली निळ्या दृश्य प्रकाशाचा असाच एक छोटा प्रयोग चौदा पुरुषांवर झाला आणि त्यातही वरचा रक्तदाब उतरल्याचे दिसले. २०२० साली वेलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या सुमारे ३ लाख ४२ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. हवेच्या तापमानाचा हिशेब वेगळा काढल्यावरही, जिथे आणि जेव्हा अतिनील ऊन अधिक तिथे आणि तेव्हा रक्तदाब किंचित कमी, असा संबंध त्यांना आढळला. गौरवर्णी रुग्णांत तो अधिक होता, कृष्णवर्णी रुग्णांत कमी.

हे शेवटचे वाक्य आपण नीट वाचावयास हवे. एडिंबरा ५६ अंश उत्तरेला आहे. तेथे हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत फिरतो. पांढुर्णा आणि सौंसर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, साडेएकवीस अंशांच्या आसपास. मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून जो नवा जिल्हा झाला त्याला इतर कशाची उणीव असेल, उन्हाची नाही. आणि तरीही आपल्याकडे रक्तदाबाचे रोगी आहेत. दिवसभर शेतात राबणाऱ्यांतही आहेत. वय, आनुवंशिकता, जेवणातले मीठ, वाढते वजन आणि गावोगावच्या ठेल्यावर मिळणारा खर्रा या सर्वांचे वजन पारड्यात पडते, आणि त्यापुढे उजेडाचे चार दाणे हलके ठरतात. त्यातून सावळ्या कातडीचे रंगद्रव्य अतिनील किरणांचा मोठा भाग अडविते. शीत प्रदेशातील निष्कर्ष आपल्या अंगणात जसेच्या तसे आणून ठेवता येत नाहीत. 'सकाळच्या उन्हात बसतो, आता गोळी कशाला?' असे एखादे वडीलधारे माणूस म्हणू लागले तर त्याला हा सारा इतिहास सांगून थांबवावे. प्रयोगांत दिसलेला उतार थोडा आणि तात्पुरता आहे. रक्तदाबाची गोळी सोडल्याने येणारे संकट थोडे नाही आणि तात्पुरतेही नाही. शिवाय दुपारचे ऊन रक्तवाहिन्यांना जे करते ते बहुतांशी उष्णतेचे काम असते, आणि उष्माघात हा आपल्या भागात पुस्तकी शब्द नाही.

उजेड आणि उष्णता यांतील भेद सर्वांत निकडीचा ठरतो तो पाळण्यापाशी. १९५६ हे साल आपल्या पिढ्यांना राज्यपुनर्रचनेमुळे लक्षात आहे. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपले तालुके मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिका अपुऱ्या दिवसांची बाळे उन्हात नेत असत. एका काविळीच्या बाळाच्या अंगाचा पिवळेपणा उन्हात राहिलेल्या भागावर फिका झाला आहे आणि झाकलेल्या भागावर तसाच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५८ साली तेथील डॉक्टरांनी निळ्या प्रकाशाच्या दिव्यांचा उपचार प्रसिद्ध केला, आणि आज नागपुरास वा छिंदवाड्यास नवजात बालकांच्या कक्षात जो निळा उजेड दिसतो त्याचे मूळ तिथे आहे. बाळंतिणीची खोली अंधारी राखणाऱ्या आणि तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरणाऱ्या आपल्या घरांत या दोन रीती शेजारी-शेजारी नांदल्या. त्यांपैकी दुसरीत तथ्याचा अंश होता.

आणि याच निळ्या दिव्याखाली फर्चगॉट यांच्या पट्टीची पुन्हा गाठ पडते. गर्भात असताना बाळाच्या फुफ्फुसाकडे जाणारे रक्त एका जोडवाहिनीतून थेट महाधमनीत वळविले जाते. जन्मानंतर तिचा स्नायू आवळून ती मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती उघडी राहण्याची भीती असते. अशा बाळाची छाती इतकी पातळ की उजेड आत पोचू शकतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रोनाल्ड क्लायमन आणि अब्राहम रुडॉल्फ यांनी कोकरांच्या या वाहिनीवर प्रकाशाचा परिणाम पाहिला; तिचा स्नायू सैल पडत होता. काविळीवरचा उपचार हृदयाजवळची दुसरी वाट तर उघडी ठेवीत नाही ना, अशी शंका उभी राहिली. १९८६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिव्याखालील अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छाती झाकली असता वाहिनी उघडी राहण्याचे प्रमाण घटलेले दिसले. पुढील अभ्यासांतून मात्र या उपायाचा लाभ ठामपणे ठरविण्याइतका भक्कम पुरावा जमला नाही, म्हणून तो सर्वत्र रूढ झाला नाही. दिव्याचे मूल्य यामुळे उणे होत नाही. तीव्र काविळीने मेंदूला कायमची इजा होते आणि निळ्या उजेडाने ती टळते, याविषयी दुमत नाही.

२०१५ साली नायजेरियातील लागोस येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे वीज आणि दिवे यांची वाण होती. संशोधकांनी छतावर विशेष पारदर्शक पडदे लावले. ते उन्हातील अतिनील किरण आणि उष्णता देणारे किरण बऱ्याच अंशी अडवीत आणि निळा उजेड येऊ देत. त्या गाळलेल्या उन्हाखाली, परिचारिकांच्या देखरेखीत आणि तापमान मोजत ठेवलेल्या बाळांची कावीळ दिव्याइतकीच उतरली. उघड्या अंगणातील ऊन असे गाळलेले नसते. त्यात बाळ तापते, भाजते वा गारठते, आणि कावीळ किती आहे हे कातडीच्या रंगावरून ओळखणे तर सावळ्या बाळात फारच फसवे असते. म्हणून पिवळ्या दिसणाऱ्या बाळाचे रक्त तपासून घेणे हेच पहिले काम; कोवळे ऊन हा त्याला पर्याय नव्हे.

हर्षेल यांच्या तापमापकापासून लागोसच्या पडद्यापर्यंत दोनशेहून अधिक वर्षांत माणसाने उन्हातून एकेक धागा उकलून घेतला. सशाच्या धमनीची एक पट्टी उजेडात सैल पडली तेव्हा तिचा कोणाला काय उपयोग, हे सांगता आले नसते. ती नोंद फेकून न देता वहीत राहिली, म्हणून तीस वर्षांनी तिला अर्थ आला. आपल्या घराण्यांनी जुनी कागदपत्रे, वंशावळी आणि बखरी जपल्या, त्याच निष्ठेने आपल्या रीतींतील निरीक्षणेही जपावीत. पण जपताना त्यांतली ऊब कोणती आणि उजेड कोणता, हे पारखून घ्यावे. घरात लहान बाळ आणि थकलेले आजोबा असतील तर ही पारख त्यांच्या जिवाशी निगडित आहे.